मापनयंत्रांची दुरुस्ती : एक उपेक्षित इतिहास

बाजारपेठेच्या गावात वाढलेल्या माणसाला ‘पासंग’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तराजूची दोन पारडी सारख्या वजनाची नसली म्हणजे हलक्या पारड्याच्या बाजूला एखादा खडा किंवा शिशाचा तुकडा बांधून दुकानदार ती समतोल करून घेतो. तो तुकडा म्हणजे पासंग. पासंग ही मुळात लबाडी नाही. आपल्या तराजूत खोट किती आहे हे ओळखून ती भरून काढण्याचा तो प्रामाणिक उपाय आहे. लबाडी सुरू होते ती पासंग गिऱ्हाइकाच्या नकळत बदलला जातो तेव्हा, आणि त्यालाच आपले लोक ‘मापात पाप’ म्हणतात. आमच्या आजच्या विषयाचे मर्म या जुन्या शब्दात सामावले आहे. विषय आहे विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रांचा. ही यंत्रे कोणी शोधून काढली ते पुष्कळांनी सांगितले आहे. ती खरी कोणी राखली, हे येथे सांगावयाचे आहे.

विज्ञानाच्या इतिहासात संशोधकांची चरित्रे असतात, कारखानदारांचीही असतात. यंत्र बिघडल्यावर त्याचे झाकण उघडून त्यातील दोष हुडकणाऱ्या, ते पुन्हा प्रमाणाशी ताडून पाहणाऱ्या आणि त्याची नोंद वहीत करून ठेवणाऱ्या माणसाला मात्र त्या इतिहासात बहुधा तळटीपेचीही जागा मिळत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, ही उपेक्षा केवळ कृतघ्नपणाची नाही, ती वस्तुस्थितीलाही धरून नाही. कोणतेही मापनयंत्र कारखान्यातून निघताना खरे असते. पण पुढच्या वर्षी ते खरे आहे की नाही, हे सर्वस्वी त्याची निगा राखणाऱ्यावर अवलंबून असते. खरेपणा हा यंत्राचा जन्मजात गुण नव्हे. तो त्याला पुन:पुन्हा द्यावा लागतो.

याचा पुरावा विद्युत्-मापनाच्या जन्मकथेतच सापडतो. १८५८ च्या ऑगस्ट महिन्यात आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेतून व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना गेला. संदेश ९८ शब्दांचा होता आणि तो पोहोचण्यास सुमारे सोळा तास लागले. दोन्ही खंडांत आनंदोत्सव झाले. पण तीन आठवड्यांच्या आत तार मुकी होत गेली आणि मग कायमची बंद पडली. कंपनीचा विद्युत्-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस याचा समज असा होता की, पलीकडे खूण दुबळी उमटत असेल तर अलीकडून जोर वाढवावा. त्याने आजच्या मापाने सुमारे २००० व्होल्टचा दाब त्या तारेला दिला, आणि तिच्या भोवतीचे आधीच कच्चे असलेले गटापर्चाचे आवरण त्या माऱ्यात आणखी खचले. येथे ‘आजच्या मापाने’ हे शब्द आम्ही हेतुपूर्वक वापरले आहेत. त्या वेळी व्होल्ट नावाचे सर्वमान्य माप अस्तित्वातच नव्हते. किती दाब दिला, तारेचा रोध किती होता, तो काल किती होता आणि आज किती झाला, हे एकमेकांना सांगण्याची समाईक भाषाच विद्युत्-कारागिरांपाशी नव्हती.

या प्रकरणाच्या अवतीभवती दोन गोष्टी घडल्या. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी आरशाचा गॅल्व्हानोमीटर तयार केला होता. त्यात एका चिमुकल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके, आणि अगदी क्षीण प्रवाहही त्यावरून ओळखता येई. दुसरी गोष्ट अशी की, १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने विद्युत्-प्रमाणे ठरविण्यासाठी एक समिती नेमली. रोधाचे प्रमाण म्हणून तारेची वेटोळी तयार करून ती ठिकठिकाणी पाठविण्यास पुढील काही वर्षांत प्रारंभ झाला. ओहम आणि व्होल्ट या नावांचा प्रवास येथून सुरू होतो.

आता हा रोध मोजावयाचा कशासाठी? निव्वळ ज्ञानासाठी नव्हे. समुद्राच्या तळाशी तार नेमकी कोठे नादुरुस्त झाली आहे ते किनाऱ्यावर बसून शोधण्यासाठी. दर मैलाला तारेचा रोध किती हे ठाऊक असेल, तर किनाऱ्यापासून दोषापर्यंतचा रोध मोजून दोष किती मैलांवर आहे हे गणिताने काढता येते. त्यासाठी १८३३ मध्ये सॅम्युएल ख्रिस्टी याने सुचविलेली आणि १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन याने लोकप्रिय केलेली, तराजूसारखी दोन बाजू तोलणारी मांडणी कामी आली. तिला व्हीटस्टनचा सेतू म्हणतात. १८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून टाकत असलेली तार मध्येच तुटून बुडाली; पण पुढच्या वर्षी दुसरी तार यशस्वीपणे टाकून झाल्यावर त्याच जहाजाने परत जाऊन बुडालेल्या तारेचे टोक दोन मैलांहून अधिक खोलीवरून वर काढले आणि जोडून तीही चालू केली. हेच जहाज १८७० मध्ये मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान तार टाकण्यासाठी आपल्या किनाऱ्यावर आले होते आणि त्यामुळे मुंबई समुद्रमार्गाने युरोपशी जोडली गेली. थोडक्यात सांगावयाचे तर, दुरुस्तीची गरज आधी आली आणि तिच्या पोटी मापनशास्त्र जन्मले.

परंतु मोजणाऱ्या साधनाला स्वतःला कोणी मोजावयाचे? धान्याच्या मापाला सरकारी शिक्का असतो, पण तो शिक्का मारणाऱ्याजवळ मूळ माप असावे लागते. विजेच्या दाबाचे असे मूळ माप म्हणून प्रथम लॅटिमर क्लार्क याचा १८७२ चा घट आणि मग एडवर्ड वेस्टन याचा १८९३ मधील कॅडमियमचा घट पुढे आला. इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराची काचेची नळी, एका पायात पारा, दुसऱ्यात कॅडमियम मिसळलेला पारा, आणि वर कॅडमियम सल्फेटचे द्रावण, अशी त्याची रचना. त्यातून मिळणारा दाब सुमारे १.०१८ व्होल्ट. १९०८ च्या लंडन परिषदेने या घटाला मान्यता दिली. १९१० मध्ये निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ वॉशिंग्टन येथे जमले, त्यांनी आपापले घट एकमेकांशी ताडून पाहिले, आणि ठरलेला आकडा १ जानेवारी १९११ पासून अमलात आला.

हे घट सांभाळणे म्हणजे तान्ह्या मुलाला सांभाळण्यासारखे होते. उत्तम प्रतीच्या घटाचे तापमान एका अंशाने बदलले तर त्याचा दाब व्होल्टच्या सुमारे ४० दशलक्षांशांनी बदले, म्हणून त्याला तेलाच्या कुंडात ठेवून कुंडाचे तापमान स्थिर राखावे लागे. तो उलटापालटा करून चालत नसे. त्यातून प्रवाह घेतला तर तो बिघडे. म्हणून तो वापरावयाचा कसा, तर समोरून बरोबर तेवढाच दाब लावून, प्रवाह शून्य झाला की ताडा जुळला असे समजावयाचे. हा न्यायही तराजूचाच आहे. आणि यावरही कोणी एका घटाच्या शब्दावर विसंबून राहत नसे. प्रयोगशाळेत अनेक घटांचा समूह ठेवीत. त्यांची सरासरी हे प्रमाण मानीत, आणि एखादा घट सरासरीपासून दूर जाऊ लागला की त्याला पंक्तीतून उठवीत. गावकीच्या निवाड्यात एकाच्या साक्षीपेक्षा पंचांच्या एकमताला वजन असे, तसेच हे. मात्र पाचही पंच एकाच दिशेने चुकत असतील तर काय, ही शंका शिल्लक राहतेच. तिचे उत्तर मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

तोपर्यंत मापनयंत्रांत मोठी क्रांती झाली होती. व्हॉल्व्ह आले, त्यांच्या जोरावर क्षीण खुणा मोठ्या करता येऊ लागल्या, आणि सुई फिरविणाऱ्या मीटरच्या जोडीला लहरी निर्माण करणारी आणि त्या पडद्यावर दाखविणारी यंत्रे आली. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे विल्यम ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुणांनी एका मोटारखान्यात धंदा सुरू केला. त्यांचे पहिले यंत्र ध्वनिलहरी निर्माण करणारे होते. लहरींची उंची स्थिर राखण्यासाठी त्यात त्यांनी एक साधा छोटा विजेचा दिवा बसविला होता. लहर वाढली की दिव्याची तार तापे, तिचा रोध वाढे, आणि त्यामुळे लहर आपोआप आवरली जाई. किंमत ५४ डॉलर ४० सेंट. या यंत्राच्या सुधारलेल्या नमुन्याचे आठ नग डिस्ने कंपनीने ‘फँटेशिया’ या १९४० च्या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी घेतले. दिव्याची युक्ती हुशारीची तर खरीच. पण आम्हांला तिच्यात आणखी एक गुण दिसतो. यंत्र उघडणाऱ्या कारागिराला ती डोळ्यांनी दिसते आणि एकदा समजली की विसरत नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरीचा आलेख पडद्यावर काढणारे यंत्र, त्यापूर्वीही होते. पण ते लहर दाखवी. मोजण्यास त्याचा भरवसा नसे. टेक्ट्रॉनिक्सचे १९४७ मधील ५११ क्रमांकाचे यंत्र पडद्यावरच्या चौकटीवरून दाब आणि काळ मोजू देई. त्याची किंमत ७९५ डॉलर होती आणि पहिला नग ऑरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने घेतला. त्यामागून त्या कंपनीची यंत्रे जगभर प्रयोगशाळांतून पसरली.

या यंत्रांच्या पोटात एक अशी वस्तू असे की, तिच्याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. त्या काळच्या टेक्ट्रॉनिक्स यंत्रांत सुटे भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवर जोडलेले असत. पट्टीच्या खाचांना आतून चांदीचा पातळ थर दिलेला असे. नेहमीच्या कथील-शिशाच्या डाखाने, म्हणजे आपले कारागीर ज्याला सोल्डर म्हणतात त्याने, दुरुस्ती केली तर तो डाख ती चांदी विरघळवून घेई आणि काही वेळा तसे केल्यावर खाच निकामी होई. यावर उपाय म्हणजे सुमारे तीन टक्के चांदी आधीच मिसळलेला डाख वापरणे. हा डाख बाजारात सहज मिळत नसे. म्हणून कारखान्याने काय केले? प्रत्येक यंत्राच्या आतच त्या डाखाचे एक लहानसे रीळ अडकवून दिले.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आम्हांला ती मोठी वाटते. हे यंत्र केव्हा तरी बिघडणार, ते परमुलखात कोणी अनोळखी माणूस उघडणार, आणि त्याच्याजवळ योग्य डाख नसणार, एवढे सगळे यंत्र बनविणाऱ्याने आधी मनात आणले होते. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तकातही तीच वृत्ती होती. त्यात संपूर्ण मंडलाचा आराखडा असे, प्रत्येक भागाचे कार्य समजावून दिलेले असे, सुट्या भागांची यादी असे, आणि यंत्र जुळविण्याची पायरीपायरीने कृती असे. ज्या कारागिराला महाविद्यालयाचे तोंड पाहता आले नाही, तोही असे पुस्तक पुढ्यात ठेवून वर्ष-दोन वर्षांत जाणता होऊ शके. बनविणारा आणि सांभाळणारा यांच्यात तो एक न लिहिलेला करार होता.

त्या पुस्तकांतून सांगितलेली कामाची शिस्त आजही जुनी झालेली नाही. यंत्र चालू करून पुरेसा वेळ तापू द्यावे, कारण थंड यंत्र आणि तापलेले यंत्र ही दोन निराळी यंत्रे असतात. प्रथम त्याच्या अंतर्गत वीजपुरवठ्याचे दाब तपासावेत. पायाच कलला असेल तर वरच्या मजल्यावर ओळंबा लावण्यात अर्थ नाही. मग उभी मोजणी, आडवी मोजणी अशा क्रमाने जावे, कारण पुढची जुळणी मागच्या जुळणीवर उभी असते. यंत्रांचे रोगही ठरावीक असतात. पंख्याबरोबर आत येणारी धूळ उष्णता कोंडून धरते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकत जातात. जुने कागदी कंडेन्सर दमटपणा शोषून गळू लागतात. स्विचांच्या पात्यांवर काळिमा धरतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात जिथे कपाटातले कपडेही बुरसतात, तिथे लक्षावधी ओहमचा रोध मोजणाऱ्या यंत्राची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. त्याच्या पृष्ठभागावरचा ओलसर मळ हाच प्रवाहाला चोरवाट करून देतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘दुरुस्त’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘बरोबर, योग्य’ असा आहे. मराठीत आपण मोडलेली गाडीही दुरुस्त करतो आणि चुकलेले वाक्यही दुरुस्त करतो. मापनयंत्राच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, पण ते एक नव्हेत. बंद पडलेले मीटर पुन्हा आकडा दाखवू लागले म्हणजे ते चालू झाले. ते खरे बोलू लागले असे त्यावरून ठरत नाही. बंद यंत्र निदान कोणाला फसवीत नाही. चालू असून चुकीचा आकडा आत्मविश्वासाने दाखविणारे यंत्र अधिक घातक. म्हणून दुरुस्तीनंतर पडताळणी हवीच. इंग्रजीत जिला कॅलिब्रेशन म्हणतात ती ही पडताळणी म्हणजे यंत्राचे वाचन अधिक विश्वसनीय प्रमाणाशी ताडून त्याचा पासंग किती आहे हे लिहून ठेवणे. स्क्रू फिरवून यंत्र जुळविणे ही तिच्यानंतरची, आणि गरज असेल तरच करावयाची, निराळी गोष्ट.

या क्षेत्रातील जाणत्यांचा एक नियम आहे. यंत्र हाती आले की काही फिरविण्यापूर्वी ते जसे आले तसे मोजावे आणि ते आकडे वहीत उतरावेत. नवशिक्याला यात वेळेचा अपव्यय वाटतो. पण समजा, एखाद्या कारखान्याच्या मीटरमध्ये वर्षभरात दोन टक्क्यांची खोट शिरली. कारागिराने ते येताक्षणी जुळवून टाकले, तर यंत्र खरे झाले. परंतु गेल्या वर्षभरात त्या मीटरने ‘उत्तम’ म्हणून पास केलेल्या मालाचे काय? तो माल चुकीच्या मापाने बाहेर गेला होता, हे सांगणारा एकमेव साक्षीदार त्या कारागिराने स्वतःच्या हाताने गप्प केला. एखाद्या रुग्णालयातील उपकरण असेल तर हा प्रश्न मालापुरता राहत नाही. पासंग गुप्तपणे बदलणे म्हणतात ते हेच. मनात लबाडी नसली तरी परिणाम तोच होतो.

या शिस्तीचे एक थोर उदाहरण आपल्या घराजवळ आहे, ते चुंबकीय मापनाचे असले तरी तत्त्व तेच. मुंबईत कुलाबा येथील वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. त्या प्रवाहांनी वेधशाळेतील नाजूक वाचने दूषित होणार, म्हणून चुंबकीय कार्य अलिबागेस हलविण्यात आले. तेथे काम १९०४ मध्ये सुरू झाले. पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने वेध घेण्यात आले, म्हणजे दोन जागांच्या वाचनांतील फरक, त्यांचा पासंग, निश्चित होऊन जुनी आणि नवी मालिका एकसंध झाली. आज जगभरचे अभ्यासक या दीर्घ मालिकेचा उपयोग करतात. ती दोन वर्षे कोणी ‘दुप्पट खर्च’ म्हणून वाचविली असती, तर आधीच्या साठ वर्षांच्या वाचनांचा पुढच्यांशी धागा तुटला असता.

आता पंचांच्या शंकेकडे वळू. सर्वच प्रमाण घट एकदम सरकत असतील तर ओळखावे कसे? १९६२ मध्ये केंब्रिज येथील ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने असे भाकीत केले की, अतिशीत अवस्थेतील दोन अतिवाहक धातूंच्या मध्ये अत्यंत पातळ अडसर ठेवला, तर त्या सांध्यावरील दाब आणि सूक्ष्मलहरींची वारंवारता यांचे नाते निसर्गाच्या स्थिरांकांनी बांधलेले असेल. प्रयोगांनी ते खरे ठरले आणि १९७३ मध्ये जोसेफसन यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. वारंवारता आपण अणुघड्याळाने अत्यंत अचूक मोजू शकतो. म्हणजे व्होल्टही आता घड्याळावरून काढता येऊ लागला. तेलाच्या कुंडातील नाजूक घटांची पंचायत बरखास्त होण्याची वेळ आली.

मात्र या नात्याचा आकडा निरनिराळ्या देशांनी किंचित निरनिराळा धरला होता. तो एक करण्याचे ठरले आणि १ जानेवारी १९९० पासून एका व्होल्टला ४,८३,५९७.९ गिगाहर्ट्झ हे प्रमाण जगभर लागू झाले. त्यामुळे अमेरिकेचा व्होल्ट एका रात्रीत सुमारे नऊ दशलक्षांशांनी बदलला. घरच्या दिव्याला याचा पत्ताही लागला नाही. पण अत्यंत अचूक मापन करणाऱ्या प्रयोगशाळांतील उपकरणे ताडून पाहणे, त्यांच्या नोंदी बदलणे आणि ज्यांना गरज होती ती पुन्हा जुळविणे हे काम कोणाला तरी हातांनी करावे लागले. पुढे २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीची पायाभूत एकके निसर्गाच्या स्थिरांकांवर उभी करण्यात आली, तेव्हाही या आकड्यात अगदी सूक्ष्म बदल झाला. प्रमाण कितीही दिव्य असो, ते शिखरावर असते. तेथून गावातल्या कार्यशाळेतील टेबलापर्यंत त्याला उतरवून आणणारी साखळी माणसांची असते, आणि तिची एक कडी कच्ची असली तर शिखरावरच्या अचूकतेचा खाली काही उपयोग नाही.

आपल्या देशात या साखळीचे वरचे टोक नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा हे आहे. तिचे उद्घाटन २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेल यांच्या हस्ते झाले आणि डॉ. के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक होते. मुंबईत चुनाभट्टी येथे विद्युत्-मापन उपकरणांच्या रचनेसाठी वाहिलेली ‘आयडेमी’ ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तेथेही उपकरणांची पडताळणी करून मिळते. अशा संस्थांचा कागद भिंतीवर लावण्यासाठी नसतो. तो यंत्राच्या पासंगाचा जबाब असतो, आणि वाचण्यासाठी असतो.

आता अलीकडच्या काळातील बदलाविषयी. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग एकाच चिपेवर सगळे मंडल आले. यंत्रे हलकी, स्वस्त आणि अधिक स्थिर झाली, हे निर्विवाद आहे. १९८९ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने काढलेला ३४५८ए हा साडेआठ अंकांचा मीटर घ्या. त्याच्या मुख्य पडताळणीस दहा व्होल्टचे एक प्रमाण आणि दहा हजार ओहमचे एक प्रमाण पुरे होते. बाकीचे पल्ले तो स्वतःच आतल्या आत ताडून घेतो. झाकण उघडून फिरविण्याचे स्क्रूच नाहीत. जुळणीचे आकडे स्मृतीत साठविलेले असतात. अडाणी हाताने स्क्रू फिरवून यंत्र बिघडविण्याचा धोका यामुळे टळला, हा मोठाच लाभ. पण ती स्मृती जिवंत ठेवते एक लहानशी अंतर्गत बॅटरी, आणि बॅटरीला आयुष्याची मर्यादा असते. ती वेळेवर लक्षात आली नाही तर यंत्राचे सर्व अवयव धडधाकट असूनही त्याची ओळखच पुसली जाते, आणि त्याला पुन्हा प्रयोगशाळेत नेऊन पहिल्यापासून पडताळावे लागते. जुन्या यंत्राची म्हातारपणची लक्षणे दिसत. नव्याची काही वेळा दिसत नाहीत.

याहून गंभीर बदल पुस्तकांत झाला आहे. अनेक नव्या यंत्रांबरोबर मंडलाचा आराखडा येत नाही. दोष आढळल्यास सगळी पाटी बदला, किंवा यंत्र कारखान्याकडे पाठवा, एवढेच सांगितलेले असते. यामागे कारणे आहेत. चिपेच्या आतील बिघाड टेबलावर दुरुस्त होत नाही. स्पर्धेत आपली रचना उघड करण्यास कारखानदार कचरतो. आणि मजुरीच्या हिशेबात नवे यंत्र कित्येकदा स्वस्त पडते. ही कारणे आम्ही नाकारीत नाही. परंतु हिशेबात एक रक्कम धरावयाची राहून जाते: ज्ञानाची. जे यंत्र उघडताच येत नाही, त्याच्या आकड्यावर शंका घेण्याचे सामर्थ्यही हळूहळू नाहीसे होते. ज्याला शंका घेता येत नाही, त्याचा विश्वास हा विश्वास नसून नाइलाज असतो. आणि जो समाज आपली मापे केवळ नाइलाजाने मानतो, त्याला मापातले पाप पकडता येत नाही.

सुदैवाने हा धागा अगदी तुटलेला नाही. ऑरेगन राज्यातच टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या कामगारांनी आणि चाहत्यांनी त्या यंत्रांचे संग्रहालय चालविले आहे, आणि तेथे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची यंत्रे चालू स्थितीत राखली जातात. जुनी पुस्तके जपण्याची आणि एकमेकांना देण्याची वृत्ती अनेक देशांतील हौशी मंडळींत दिसते. आपल्याकडेही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, तंत्रनिकेतनांत आणि औद्योगिक वसाहतींतील लहान कार्यशाळांत असे जाणते हात आहेत. त्यांना पदवी किंवा मान असेलच असे नाही. त्यांच्या हाताला मात्र पारख असते.

या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांत शिक्षक आहेत, संस्थांचे चालक आहेत, कारखानदार आहेत. त्यांच्यासाठी तीन सूचना करून आम्ही थांबतो. यंत्र खरेदी करताना त्याचे दुरुस्तीचे पुस्तक मागून घ्यावे, आणि ते मिळत नसेल तर ही उणीव किमतीत धरावी. यंत्राच्या खरेदीबरोबरच त्याच्या वार्षिक पडताळणीचा खर्च अंदाजपत्रकात लिहावा. गाय घेतली आणि वैरणीचा विचार केला नाही, असे होऊ नये. आणि प्रत्येक यंत्राची एक वही ठेवावी, तिच्यात ते आले तेव्हा कसे होते आणि गेले तेव्हा कसे होते हे दोन्ही लिहावे. वहीवर लिहिणाऱ्याची सही असावी, म्हणजे त्याच्या कामाला नाव राहील.

पोर्टलंडच्या कारखान्यात ज्या कोणी यंत्राच्या पोटात डाखाचे ते लहानसे रीळ अडकविले, त्याने ते आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी ठेवले होते. वहीतील प्रामाणिक नोंद हीही तशीच, आपल्यामागून येणाऱ्या कारागिरासाठी ठेवलेली असते. ज्या गावात असे ठेवणारे हात आहेत, तेथील मापांवर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.